शंका असल्यास

सासूबाईंनी यिएनला मांडीवर उताणं घेतलं होतं आणि त्याच्या टाळूवर तेल जिरवत होत्या. मी दारात बसून टँकरच्या रांगेतले आमचे डबे कुणी मागे सरकवतंय का ते बघत होते. तेवढ्यात त्यांनी तेलाचं बोट त्याच्या दोन भुवयांच्या मधे टेकवलं आणि कपाळावरून कानापर्यंत सावकाश ओढत नेलं. मग दुसऱ्या कानापर्यंत. मग त्या रेघेच्या वर दुसरी, तिसरी, सहा होईपर्यंत. यिएन हसत होता. साडेतीन महिन्यांचं पोर, कपाळाला कुणीही हात लावला तरी हसतं. रेघा उन्हात जरा चमकल्या आणि विरून गेल्या. एवढंच झालं. पण माझ्या छातीत एकदम दूध उतरलं, पोर रडत नसताना, पाजायची वेळ नसताना, आणि अंगावरचं कापड दोन ठिकाणी भिजलं. मी उठून त्याला त्यांच्या मांडीवरून उचललं. जरा हिसकाच बसला असावा, कारण त्यांनी तेलाचा हात तसाच हवेत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"नखं नाही लागली माझी," त्या म्हणाल्या. मग स्वतःशी बोलल्यासारखं करत मला ऐकवलं, की यांच्या घरात एक तरी पुरुष होऊ द्या. माझा नवरा गातबेल निर्वासितांच्या छावणीत वाढला, तिथल्या पाद्र्यांनी सुरीने पुरुषाच्या रेघा काढू दिल्या नाहीत, त्याचं कपाळ पाटीसारखं कोरं राहिलं. शाळेत गणित शिकवतो, चाळिशीला आलाय, पण गावी गेला की त्याचे चुलतभाऊ अजून त्याला पोरगा म्हणतात. पोरग्याने बायको केली, पोरग्याला पोर झालं. तो हसतो. मला ते हसणं नीट ओळखता येतं.

मी म्हटलं, आई, सोळा-सतराच्या आत कुठे काढतात रेघा, आत्तापासून कशाला. मला खरं तर विषय मिटवायचा होता. त्या म्हणाल्या, कोण म्हणतं सोळा? मोठ्या पाण्याच्या वर्षी सोबात नदीकाठी आमच्याकडे दहा-बारा वर्षांचीही एका रांगेत झोपवली. घराघरातले बाप गेलेले, गुरं सांभाळायची कुणाच्या नावावर, प्रत्येक घरात एक पुरुष तर हवा. आणि रेघा काढणारा म्हातारा कुएक, त्याचा हात थरथरायला लागला होता. लोक म्हणाले, हा आहे तोवर सगळ्यांची कपाळं उरकून घ्या. त्या वर्षानंतर कुएकने सुरी धरली नाही. "पहिली आणि शेवटची रांग ती. बायकांनी दूध पाजलं त्यांना, एवढी एवढीशी होती, रात्री आया मागायची." हे त्या हसून सांगत होत्या, कौतुकाने, आणि मी मनात मोठ्या पाण्याच्या वर्षापासून आजपर्यंतची वर्षं मोजत होते. तीन. दहा-बारा आणि तीन. कितीही वेळा मोजलं तरी बेरीज पंधराच्या वर जात नव्हती. आणि म्हाताऱ्या कुएकचं नाव मी आधी ऐकलेलं होतं. सैन्याच्या छावणीत, आठ जणांच्या तंबूत, घडीच्या टेबलापलीकडच्या एका शिपायाकडून, साडेपाच महिन्यांपूर्वी. "मला मोठ्या पाण्याच्या वर्षी कुएकने पुरुष केलं, ताई." मी ते ऐकलं होतं आणि वयाच्या रकान्यात एकोणीस लिहिलं होतं.

मला तेव्हा सातवा महिना होता. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांतून बाहेर यायचे. गातबेल म्हणाला होता, नको जाऊस, पण कॉलेज शिकून तीन वर्षं घरी बसलेली मी, तीन आठवड्यांचं नोंदणीचं काम मिळालं म्हणून गेले. निशाण बदललं होतं, देश नवा झाला होता, आणि सैन्यात अठराच्या आतलं कुणी राहू नये असं कागदावर ठरलं होतं. आमच्यासारख्या नोंदणीवाल्यांना पंख्याच्या हॉलमध्ये तीन दिवस शिकवलं. जन्मतारीख विचारू नका, सगळे एक जानेवारी सांगतात. कुठला पूर आठवतो विचारा, कुठल्या लढाईत गाव जळलं, तेव्हा गुरं राखत होतास की आईच्या पाठीवर होतास. अक्कलदाढ बघा. उंची बघू नका. हे शेवटचं सांगताना आमचे प्रमुख सोकीरी साहेब, राजधानी जुबाकडचे, बुटके, माझ्याकडे वळून म्हणाले होते, की हिच्या लोकांची पोरं जन्मतात तीच दारावर डोकं आपटत, म्हणून आकडेवारी बिघडते. हॉल हसला, मीही हसले. अर्जाच्या माथ्यावर जाड अक्षरात एकच ओळ छापलेली होती: वयाविषयी शंका असल्यास अठराच्या आतील समजावे. सोकीरी साहेबांनी ती आमच्याकडून मोठ्याने म्हणून घेतली, शाळेतल्यासारखी.

नदीपलीकडच्या सैन्याच्या छावणीत आम्ही चार टेबलं मांडली. सोकीरी साहेब म्हणाले, कपाळावर रेघा असलेले सगळे न्यादीतच्या टेबलावर पाठवा, ती त्यांच्यातलीच आहे, तिला फसवता येणार नाही. खरं तर मलाच सगळ्यांत सोपं होतं फसवणं. बाकीच्या टेबलांवर परके लोक होते, त्यांना त्या सहा रेघा म्हणजे सहा रेघाच दिसल्या असत्या. त्यांनी दाढ पाहिली असती, पूर विचारला असता. मी लहानपणापासून शिकले होते की रेघा असलेल्या माणसासमोरून वाकून जायचं, त्याच्या ताटाकडे बघायचं नाही, त्याला पोर म्हणायचं नाही. शिकवलं होतं असंही नाही, ते अंगात होतं, जसं चूल पेटली की तोंड बाजूला वळतं. त्या दिवशी माझ्या टेबलावरून रेघा असलेले सतरा जण गेले. सतराही जण मी अठराच्या वर लिहिले. शेजारच्या टेबलावरची पोरं नवी दप्तरं घेऊन ट्रककडे जात होती, दप्तरांवर बदकाचं चित्र होतं, आणि माझ्या टेबलावरचे सरळ बराकीकडे परतत होते. माझी नोंद सगळ्यांत स्वच्छ आहे असं सोकीरी साहेब संध्याकाळी म्हणाले. सतरांपैकी सोळांची मला आज तोंडंसुद्धा आठवत नाहीत.

बिचियोक आठवतो. तो लगेच बसला नाही, आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तंबूच्या कोपऱ्यातली गोळ्यांची रिकामी पेटी पायाने सरकवत माझ्या खुर्चीजवळ आणली आणि म्हणाला, वर ठेवा. मी पाय वर ठेवले. गणवेशाच्या बाह्या त्याने दोनदा दुमडल्या होत्या. रेघा मात्र खोल होत्या, कडा नीट उचललेल्या, आणि एक, तिसरी, मधेच जरा खाली घसरलेली. तेव्हा मला ते कळलं नाही; आता कळतं की तिथे म्हाताऱ्याचा हात थरथरला असणार. मी विचारायचं ते विचारलं. बाप नाही. आई आहे, दोन बहिणी, एक मेलेला भाऊ. भरती कशी झाली, तर गुरांच्या मागे गेला होता, ट्रक थांबला, जेवण आहे म्हणाले. पूर विचारला तर तो मोठ्या पाण्याचं सांगायला लागला, उत्साहाने, गाय झाडाला कशी अडकली होती ते, आणि मग गप्प झाला, कारण त्याला वाटलं असावं की फार आठवणं हेही लहान असण्यात मोजतात. "मूल लिहिलं की त्या बदकाच्या ट्रकमध्ये बसवतात ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, घरी पाठवतात. तो म्हणाला, "रेघांनंतर सोडलेला माझ्या नावाचा बैल आहे, ताई. मी त्या ट्रकमधून उतरताना गावाने बघायचं?"

मग ते झालं, जे मी गातबेललाही सांगितलेलं नाही. तंबूमागे छावणीच्या गायी होत्या. वासरू बांधून ठेवलेलं, ते हंबरलं, आणि गाय ओरडली, दूध साठल्यावर ओरडतात तशी. बिचियोक बोलता बोलता अर्धा उठला. त्याच्या हातांची बोटं वाकली होती, एका हातात भोपळ्याचं भांडं धरल्यासारखी, दुसऱ्या हाताची सडावर जायला निघाल्यासारखी. दूध काढायचं काम आमच्यात बायका करतात आणि पोरं. रेघा काढल्या त्या दिवसापासून पुरुष गायीच्या सडाला हात लावत नाही, उपाशी मेला तरी. त्याच्या हातांना ते अजून कळलं नव्हतं. एका क्षणात त्याला आठवलं, तो खाली बसला, हात मांडीखाली दाबले आणि मी पाहिलं का ते बघायला माझ्याकडे नजर टाकली. मी पाहिलं होतं. पोटात यिएन फिरला होता त्याच वेळी, टाचेने बरगडीला ढकलत. माझ्यासमोर अर्जाच्या माथ्यावर ती जाड अक्षरातली ओळ होती. आणि मी मान खाली घातली. पुरुषमाणसाची लाज राखायला घालतात तशी घातली, आणि लिहिलं, एकोणीस. मला वाटलं, मी त्याच्यावर मेहरबानी करतेय. त्याने उठून जाताना पेटी परत कोपऱ्यात ठेवली नाही, माझे पाय तिच्यावर होते म्हणून.

तेव्हापासून तो माझ्याकडे येत नाही, असं म्हणणं खोटं होईल; पण येतो म्हणण्यासारखंही काही नाही. यिएनची नखं कापताना हाताची बोटं वाकलेली दिसतात. दुकानात खारट मासे बांधून देणारा, फाटकावरचा पहारेकरी, मोटारसायकलवाला, प्रत्येकाचं वय मी मनात लिहिते आणि खोडते. नवरा म्हणतो बाळंतिणीचं डोकं आहे, हलकं असतं. मी दर दोन तासांनी बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते, तेही तो त्याच हिशेबात धरतो. मला मात्र असं वाटत राहतं की कुणीतरी माझ्याच हाताने कुठेतरी काहीतरी लिहून ठेवलंय आणि ते तिथे माझ्याशिवाय चालू आहे, घरी कुणी नसताना चुलीवर राहिलेल्या भांड्यासारखं. सासूबाईंनी कुएकचं नाव घेतलं नसतं तरी तो अठराच्या आतला आहे हे मला माहीत होतं. हे आज नीट कबूल करते. बेरीज त्यांनी सांगितली, पण उत्तर माझ्याकडे आधीच होतं.

मी सोकीरी साहेबांना फोन लावला. त्यांना आठवायला वेळ लागला, मग पहिला प्रश्न, मुलगा झाला की मुलगी. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं आणि नियम सांगितला, जणू मी परीक्षेला बसले होते. नोंद बदलता येते. ज्याने केली त्यानेच, स्वतःच्या हाताने, सहा महिन्यांच्या आत, कारण लिहून. त्यानंतर पलटणीचा शब्द अखेरचा. आणखी बारा दिवस होते. "पण विचार कर," ते म्हणाले. "एक बदललीस तर उरलेल्या सोळांचं विचारतील." मी म्हटलं, विचारू देत. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण सासूबाई चुलीपाशी थांबल्या.

त्यांना सांगावं लागलं. मला वाटलं होतं त्या चिडतील, पण त्या हळू बोलल्या, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, त्याच्या आईने त्याला रांगेत झोपवलं, रक्त पुसलं, त्याच्या नावाने बैल सोडला, आणि आता तू एका कागदाने ते सगळं पुसून टाकणार. मेला तर पुरुष म्हणून मेला असता. "जगला तर काय म्हणून जगेल, सांग मला." मी यिएनला पाठीवर बांधलं. त्या म्हणाल्या पोर ठेवून जा, ऊन आहे. मी नेलं. मला त्यांच्यावर भरवसा नव्हता असं नाही. मला रिकाम्या पाठीने तिथे जायची भीती वाटत होती.

मुख्य छावणीतलं भरतीचं कार्यालय म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, बाहेर कडुनिंब, आत दोन टेबलं आणि भिंतीशी वायरलेस. मेजर माझ्याच लोकांतले निघाले, सहाही रेघा पिकलेल्या, कपाळावरच्या सुरकुत्यांत मिसळून गेलेल्या. मी वाकले. त्यांनी बाळाची विचारपूस केली, कुठल्या घरची, आजोबांचं नाव काय, आणि मग अर्ज वाचला. कारणाच्या रकान्यात मी घरूनच लिहून आणलं होतं: शंका होती, लिहिली नाही. मेजरांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, पोरी, तू मला सांगतेस की एका पुरुषाला त्याच्या कंपनीसमोरून उचलून पोरांत बसवायचं. मी म्हटलं, हो. ते बाळाकडे बघत म्हणाले, मला स्वतःला केव्हा कापलं ते मी कधी मोजलं नाही. आणि शिक्का मारला. शिक्का सुकवायला त्यांनी त्यावर फुंकर मारली, तेवढंच एक काम ते त्या दिवशी घाईने करताना दिसले.

बिचियोकची कंपनी दहा दिवसांपूर्वी उत्तरेला, सीमेवर गेली होती. कारकून वायरलेसपाशी बसला, नाव सांगितलं, बापाचं, आजोबांचं नाव सांगितलं, नवं वय सांगितलं. पलीकडून खरखरीतून आवाज आला, पुन्हा सांगा, किती. कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पंधरा. पलीकडचा म्हणाला, तो चौदा जणांच्या गस्तीत पुढे गेलाय, चार दिवस झाले, परतले की कळवू. कारकुनाने नोंदवहीत लिहिलं, कळवले, आणि वेळ घातली. माझ्या बाजूने नियम पुरा झाला होता. मेजर निघून गेले. मी बाकावर बसून राहिले. यिएनला पाजलं, पाठीवरून पुढे, पुढून पाठीवर केलं. दुपार झाली तेव्हा कारकून ज्वारीच्या गोळ्यांचं वालवाल खायला घरी निघाला. दोनदा म्हणाला, तुम्ही जा आता. मग वैतागून म्हणाला, बसायचंच असेल तर इथे बसा, हे वाजलं तर हे दाबा, थांबा म्हणा, मी येतोच.

ते वाजलं. मी दाबलं, आणि थांबा म्हणायच्या ऐवजी बोला म्हटलं. पलीकडच्या आवाजाने कोण बोलतंय विचारलं नाही. आमच्याच बोलीत म्हणाला, गस्त परत आली, नावं घ्या. तो आवाज मधेच जाड व्हायचा, मधेच चिरकायचा. मला वाटलं, यंत्राचा दोष असेल. मी कारकुनाची पेन्सिल घेतली आणि त्याच्याच वहीत लिहायला लागले. नाव, बापाचं नाव. तो संथपणे सांगत होता, प्रत्येक नावानंतर मी झालं म्हणेपर्यंत थांबत होता. नऊ झाली. मी म्हटलं, पुढे. तो म्हणाला, नऊच. मी म्हटलं, चौदा गेले होते. तो म्हणाला, बाकीच्यांचं काही आलेलं नाही. जे आलेत ते पाण्यासाठी बसलेत. मी बिचियोकचं नाव विचारलं नाही. नऊ नावं माझ्यासमोर होती, माझ्याच अक्षरात, त्यात ते नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्याला ते तोंडाने सांगावं लागलं असतं. पाठीवर यिएन झोपला होता, त्याच्या घामाने माझी पाठ ओली झाली होती.

मग मी पाहिलं की नऊ नावांच्या पुढे मी एक जागा कोरी सोडली होती. सवयीने. हाताने आपोआप रकाना आखला होता. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "आता त्यांची वयं विचारून सांगा."

तो म्हणाला, कशाला.

मी म्हटलं, शंका आहे म्हणून. एकेकाला विचारा, सगळ्यांत जुना कुठला पूर आठवतो, आणि तेव्हा तो कुणाच्या पाठीवर होता की गुरांमागे होता. दाढ बघायला सांगा. मला वेळ आहे.

मी पेन्सिल वहीवर टेकवून ठेवली. मला वाटलं, तो कुणा अधिकाऱ्याला बोलवायला गेला. मग दूर कुणीतरी कुणालातरी हाक मारली, कुणी हसलं, आणि आकडे यायला लागले. चौदा. सतरा, पण नक्की नाही. बावीस. सोळा. पंधरा. एकाला माहीत नाही, त्याच्यापुढे मी शंका लिहिलं. मी आकडे नावांपुढे मांडत गेले, सुवाच्य, एकाखाली एक, जसं मला पंख्याच्या हॉलमध्ये शिकवलं होतं. नववा झाला. मी म्हटलं, झालं. बटण सोडलं. बाहेर कारकुनाची पावलं वाळूवरून येत होती.

पुन्हा खरखर झाली. तोच आवाज, पण आता हळू, तोंड यंत्राच्या अगदी जवळ आणून बोलल्यासारखा, आणि पहिल्याच शब्दावर चिरकला.

"ताई, माझंही लिहायचं का?"

मी वहीत नऊच्या खाली दहा लिहिलं. "सांग," म्हटलं. "आधी नाव सांग."